राहण्याला दोन शब्द

“राहण्याला इंग्रजीत दोन शब्द आहेत, आक्काताई,” मी म्हणाले. “एक लिव्ह आणि एक स्टे. आपल्याकडे निम्मं गाव इथंच घसरतं.”

आक्काताई मगदूम गिरणीच्या उंबऱ्यावर बसून पदराने भुवयांवरचं पीठ पुसत होत्या. वीज नुकतीच गेली होती. त्या वर्षी मिरजेत भारनियमनाने सगळ्यांना रडवलं होतं, पण आमचा वर्ग त्याच्याच जिवावर चालायचा. वीज गेली आणि गिरणीचा पट्टा थांबला की त्या रस्त्यापलीकडे तोंड करून “ओ बाई!” अशी हाक मारायच्या. माझं घर समोरच होतं. मी पुस्तक घेऊन जायचे आणि पिठाच्या डब्यांमध्ये स्टूल टाकून बसायचे. वीज आली की त्या हातातलं वाक्य तसंच टाकून उठायच्या. कर्ता माझ्याकडे राहायचा, क्रियापद दळणात जायचं.

“दोन कशाला?” त्यांनी विचारलं. “आमच्यात एकच हाय. राहणे.”

“तेच तर. हॉटेलात दोन दिवस राहिलात, पाहुण्यांकडे लग्नाला चार दिवस राहिलात, तर ते स्टे. परत जायचं असतं तेव्हा स्टे. आणि कायमचं राहता ते लिव्ह. तुम्ही मिरजेत लिव्ह करता. मुलाकडे जाऊन स्टे करणार.”

“आणि जगणे?”

“तेही लिव्हच.”

“म्हंजे जिथं माणूस जगतंय, तिथं राहतंय म्हणायचं. आणि जिथं नुसतं पडून असतंय, ते स्टे.”

“पडून नाही हो. तात्पुरतं,” मी म्हणाले. मला अशा वेळी चूक सुधारायची भारी घाई असायची. मुंबई-पुण्याची शिकलेली माणसंसुद्धा कुठे राहता हे विचारताना ‘स्टे’ म्हणतात आणि माझ्या कपाळावरची शीर उडायला लागते. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, दारावर ‘रोहिणी टिकेकर, फर्ड्या इंग्रजीचे वर्ग’ अशी पाटी होती आणि अख्ख्या सांगली जिल्ह्याचं इंग्रजी माझ्या एकटीच्या खांद्यावर आहे असा माझा समज होता.

आक्काताईंनी मान डोलावली आणि सावकाश म्हटलं, “आय लिव्ह इन मिरज. आय विल स्टे विथ माय सन.”

“शाब्बास!” मी म्हणाले. एवढ्यात वीज आली.

हे इंग्रजी त्यांना हवं होतं ते अमेरिकेच्या व्हिसासाठी. त्यांचा एकुलता एक मुलगा अभिनंदन तिकडे नोकरीला होता, सून सुकन्या गरोदर होती, आणि बाळंतपणाला आईने यावं म्हणून त्याने कागदपत्रं जमवली होती. त्याचा मला फोन आला होता. “मॅडम, मुलाखतीत आई गडबडेल हो. किती दिवस, कुठं राहणार, परत येणार का, एवढंच विचारतात. फक्त ती तिथं कायमची राहायला चाललीय असं वाटता कामा नये. तसं वाटलं की संपलं.”

“निर्धास्त राहा,” मी म्हणाले होते.

आक्काताई साठीच्या होत्या. नवरा गेल्यावर दिरांनी गिरणी विकायला काढली, तेव्हा त्यांनी पदर खोचून पट्टा स्वतः चढवला आणि पुढची वीस वर्षं कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. बोलायला फटकळ. आमच्या भागातल्या बायकांसारखं ‘मी आलो, मी गेलो’ बोलायच्या. मी एकदा कौतुकाने म्हटलं, इंग्रजीत बायका-पुरुष दोघांनाही एकच क्रियापद असतं, तर म्हणाल्या, “मग ती माणसं शहाणी म्हणायची.” पक्क्या जैन. दिवस मावळला की पाण्याशिवाय काही नाही. अमेरिकेबद्दल त्यांना पहिली काळजी पडली ती हीच.

“बाई, तिकडं उन्हाळ्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतंय म्हणं. आणि थंडीत चारला अंधार. मग मी जेवायचं कधी? इथं शेवटचं दळण उतरलं की गिरणीच सांगती, आता वेळ झाली म्हणून.”

मी हसले. त्याही हसल्या, पण जरा उशिरा.

शब्द त्यांना पटकन येत. पण प्रत्येक शब्दाला त्या फाटे फोडायच्या. बघणे म्हणजे सी, लुक आणि वॉच, असं मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “नातवाला काय करायचं? सी का वॉच?”

“एकदा भेटून बघायचं असेल तर सी. राखत बसायचं असेल तर वॉच.”

“अभिनंदन सी म्हणतंय,” त्या म्हणाल्या. “पण सुकन्याची रजा दोनच महिन्यांची हाय. पुढं बाळ कोण बघणार, ते काय कुणी बोलत न्हाई.”

“तुम्ही तीन महिन्यांसाठीच चाललाय ना? मग तीन महिन्यांचीच उत्तरं द्यायची,” मी म्हणाले आणि पान उलटलं.

घराला हाउस आणि होम असे दोन शब्द आहेत हे ऐकून तर त्या फार खूश झाल्या. हाउस म्हणजे भिंती, होम म्हणजे आपली माणसं, आपला जीव, असं मी सांगितलं. त्यांनी वर छपराकडे बघितलं. पत्र्यापर्यंत सगळं पांढरं होतं, कोळ्याच्या जाळ्यावरसुद्धा पीठ होतं.

“मग गिरणीला काय म्हणायचं?”

“मिल.”

“होम न्हाई?”

“नाही, आक्काताई. मिल ही होम नसते. होम घराला म्हणतात.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “अभिनंदन म्हणतंय, नुसती बंद ठेवण्यापरीस देऊन टाकू. कोपऱ्याची जागा हाय, दुकानवाले विचारायलेत.”

मी म्हणाले की त्याचं बरोबर आहे, या वयात किती दिवस पीठ खाणार. त्या छपराकडेच बघत राहिल्या. मला वाटलं, नवा शब्द मनात घोकतायत.

मुलाखतीला मीच त्यांच्याबरोबर मुंबईला गेले. शिकवणाऱ्याला आपलं फळ बघायची हौस असतेच. वकिलातीत सोबतच्या माणसांना आत सोडत नव्हते, म्हणून मी समोरच्या फुटपाथवर एका झाडाखाली उभी राहिले. गेटमधून आत जाताना आक्काताईंनी वळून बघितलं. नेसायला ठेवणीतलं हिरवं लुगडं होतं. मी ओठांनीच ‘स्टे’ म्हणून दाखवलं. त्यांनी हात वर केला.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पासपोर्ट होता. मी आधीच चौकशी करून ठेवली होती. व्हिसा मिळाला तर पासपोर्ट आत ठेवून घेतात, नाकारला तर हातात देतात.

“काय झालं?”

“नको म्हणाली,” आक्काताई म्हणाल्या. “काचंपलीकडं एक गोरी पोरगी हुती. चांगली बोलली. मराठी येणारा माणूस हाय, बोलवू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नो. इंग्लिश.”

“अहो, पण मराठीत बोलायचं ना!”

“शिकलेलं वाया जातंय की.”

“बरं, मग?”

“मग विचारलं, अमेरिकेत जाऊन काय करणार. मी म्हटलं, आय विल लिव्ह विथ माय सन.”

“लिव्ह?”

“तिनंबी असंच विचारलं. लिव्ह? मी म्हटलं, येस मॅडम. लिव्ह.”

मी तिथेच फुटपाथवर बसले. आदल्या संध्याकाळी गाडीत बसल्यापासून मी ते दोन शब्द इतक्या वेळा उलटेसुलटे करून म्हणून घेतले होते, की कुणाचीही सरमिसळ झाली असती. एक शब्द शिकवून गप्प बसले असते तर काम झालं असतं. पण मला फरक शिकवायचा होता! आणि त्या माझ्या शिकवणीचा मान राखायला म्हणून मराठीसुद्धा नको म्हणाल्या होत्या.

“उठा की बाई,” आक्काताई म्हणाल्या. “दिवस मावळायच्या आत खाऊन घेऊया. मला भूक लागलीया.”

उडप्याच्या हॉटेलात त्यांनी दोन प्लेट इडली खाल्ली आणि वर कॉफी मागवली. माझी इडली तशीच पडून होती. मला वाटलं, माझ्यासमोर रडायला नको म्हणून बाई खातेय. तेवढ्या मोठ्या मनापुढे मी आणखीच लहान झाले.

अभिनंदनचा फोन दुसऱ्या दिवशी आला. तो ओरडला असता तर परवडलं असतं. तो फक्त थकलेल्या आवाजात म्हणाला, “मॅडम, मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती.”

“माझीच चूक आहे,” मी म्हणाले. “मी दोन्ही शब्द एकदम शिकवायला नको होते.”

“सुकन्याची आई नाही. मी आईवरच अवलंबून होतो,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

गिरणी म्हणजे गावाचं वर्तमानपत्र. दळणाच्या रांगेत गोष्ट पोचली आणि पिठाबरोबर घरोघर गेली. ‘आक्काताईचा व्हिसा बाईंनी घालवला.’ ‘शब्दच उलटा शिकवला म्हणे.’ ज्यांना लिव्ह आणि स्टे यांतलं ओ की ठो माहीत नव्हतं, तेही मला रस्त्यात थांबवून फरक विचारायचे. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं होती, ती हळूहळू सांगलीच्या वर्गाला जायला लागली. मला त्याचं वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण खरी बोच वेगळीच होती. सुकन्याचं बाळंतपण अवघड झालं. पोट कापावं लागलं, ती बरेच दिवस उठू शकली नाही, आणि अभिनंदन एकटाच सगळं बघत होता. मुलगी झाली. अनया नाव ठेवलं. तिचा फोटो आक्काताईंनी चौकट करून गिरणीत विजेच्या बटणांवर लावला. बटण दाबताना त्या आधी फोटोला हात लावायच्या. त्यावरही पीठ बसायचं, मग पदराने पुसायच्या.

समोरच्या खिडकीतून मला ते रोज दिसायचं. मी खिडकी लावून घ्यायला लागले.

एकदा वीज गेली आणि हाक आली नाही. मग मीच उठून गेले. आक्काताई उंबऱ्यावर बसल्या होत्या, नेहमीच्या जागी. माझं स्टूल कोपऱ्यात उलटं ठेवलेलं होतं.

“आक्काताई, पुन्हा अर्ज करा,” मी म्हणाले. “यावेळी मी फुकट शिकवते. एकच शब्द. स्टे.”

“कशाला बाई? जाऊ दे की ते.”

“मला झोप लागत नाही हो. बाळाला तुम्ही अजून मांडीवर घेतलं नाहीत, ते माझ्यामुळे. सुनेला उठता येत नव्हतं तेव्हा तुम्ही तिथे नव्हता, ते माझ्यामुळे. अभिनंदन माझं नावसुद्धा काढत नसेल. गावात माझ्या तोंडावर हसतात. ते हसू देत. पण तुमचं नुकसान मी कशानं भरून काढू?”

एवढं बोलता बोलता मी रडायलाच लागले. दळणाला आलेल्या दोन बायका डबे ठेवून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आक्काताईंनी माझा हात धरला. त्यांचा हात पिठाने मऊ आणि आतून खरखरीत होता.

“तुमची चूक न्हाई बाई,” त्या म्हणाल्या.

“असं बोलू नका. त्याने मला आणखी लाज वाटते.”

“ऐका तर. मीच...”

आणि वीज आली. पट्ट्याला झटका बसला, जातं घरघरलं, पत्रे थरथरले. आक्काताईंचे ओठ हलत होते. त्या काहीतरी बऱ्यापैकी लांबलचक बोलल्या. माझ्या कानात गिरणीशिवाय काही शिरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी ऐकण्याच्या स्थितीतही नव्हते. मी नुसती मान हलवत रडत होते. त्या बोलायच्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग उठल्या, बटण बंद केलं. वीज असताना गिरणी बंद केलेली मी पहिल्यांदाच बघितली.

“बरं,” त्या म्हणाल्या. “जाऊ. भरा अर्ज.”

मी आनंदाने त्यांना मिठी मारली. माझ्या निळ्या साडीवर त्यांच्या दोन्ही हातांचे पांढरे ठसे उमटले. मी ते तसेच घेऊन घरी आले.

दुसऱ्या वेळच्या तयारीत त्यांनी एकही फाटा फोडला नाही. मी विचारायचे, त्या उत्तर द्यायच्या. किती दिवस? तीन महिने. कुठे? आय विल स्टे विथ माय सन. परत? येस, आय विल कम बॅक. शाळेतल्या पोरीसारख्या त्या पाठ म्हणून दाखवायच्या, आणि मला वाटायचं, आता कुठे बाईंनी मनावर घेतलं.

पुन्हा तोच फुटपाथ, तेच झाड. यावेळी त्या बाहेर आल्या तेव्हा हात मोकळे होते. मी धावतच रस्ता ओलांडला.

“स्टे म्हटलंत?”

“म्हटलं.”

“आणि तिने लगेच...”

“लगेच. यावेळी बाप्या हुता. हसला. म्हणाला, नातीला बघून या.”

मी त्यांना ओढत त्याच उडप्याकडे नेलं. इडली मागवली, पेढे आणले. सूर्य अजून चांगला हातभर वर होता. आक्काताईंनी ताटली बाजूला सारली.

“भूक न्हाई आज,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “आता तुमचं नाव ऱ्हाईल न्हवं, बाई?”

“माझं जाऊ द्या हो. तुमचं झालं ना,” मी म्हणाले. त्यांच्या वाटचे पेढेही मीच खाल्ले.

त्या गेल्या. निघायच्या आधी त्यांनी जात्याला स्वतः टाकी लावली, दगड पुन्हा खरबरीत करून ठेवला. तीन महिन्यांनी आल्यावर लगेच दळण चालू करता यावं म्हणून. तीन महिन्यांचे सहा झाले, मुक्काम वाढवून मिळाला. मग सुकन्या वाढवलेली रजा संपवून कामावर रुजू झाली. मग कळलं की अभिनंदनने आईचे तिकडे कायमचं राहायचे पक्के कागद करायला घातलेत. पुढच्या वर्षी तो एकटाच मिरजेला आला, गिरणीची जागा दुकानवाल्यांना देऊन गेला. मला भेटायला आला होता. भलामोठा चॉकलेटचा डबा आणला होता.

“मॅडम, तुमच्यामुळे झालं सगळं,” तो म्हणाला. “मी मागे तुम्हाला बोललो, मनावर घेऊ नका.”

जातं काढायला माणसं आली तेव्हा मी खिडकीतच होते. दगड जड निघाला. रस्त्यावर आणून ठेवला, तर त्यावरच्या टाकीच्या खुणा तशाच ताज्या होत्या. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. वीज सहसा जात नाही. माझा वर्ग मात्र जोरात चालला, कारण आक्काताईंना अमेरिकेला पाठवणाऱ्या बाई म्हणून माझं नाव झालं होतं. मी त्या नावावर बरीच वर्षं जगले.

फोन कधीतरी यायचे, दिवाळीला, पर्युषणात. तब्येत, पाऊस, कोण गेलं, कोणाचं लग्न. असाच गेल्या चैत्रात एक फोन आला. सकाळची वेळ होती, मी चहा गाळत होते.

“ओ बाई!” रस्त्यापलीकडून मारावी तशीच हाक. “एक भांडण लागलंय. तुम्हीच सोडवा.”

“काय झालं?”

“नात आता चौथीत हाय. तिच्या शाळेत सांगितलंय, आज्जीला विचारून लिहून आणा, तुम्ही कुठं राहता, काय करता. तिनं मला विचारलं. मी म्हटलं, आय स्टे इन अमेरिका. तर म्हणती, आज्जी, स्टे न्हाई, लिव्ह म्हण. तुमच्यासारखीच खोड हाय पोरीला.”

मी हसले. “शेवटी तोच शब्द आडवा आला म्हणायचा तुम्हाला. पहिल्या वेळी नको तिथे लिव्ह म्हणालात...”

“ते चुकून न्हवं, बाई,” आक्काताई सहज म्हणाल्या. जणू हे मला आधीच ठाऊक होतं.

“म्हणजे?”

“मुद्दाम म्हटलं हुतं. पोराला न्हाई म्हणायला तोंड हुईना. एकुलतं एक. म्हटलं, सायबाला म्हणू दे न्हाई. म्हंजे पोराला आईचा राग नको, आणि गिरणीबी ऱ्हाईल. तुम्ही शब्द असा झकास समजावलासा, मला वाटलं देवानंच धाडला. तो मराठीचा माणूस मधी आला असता तर त्यानं सरळ करून सांगितलं असतं, म्हणून त्यालाबी नको म्हटलं.”

चहा उतू चालला होता. मी गॅस बंद केला.

“आक्काताई, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. गिरणीत. तुम्ही रडत हुतासा, वीज आली. तुम्ही मान डोलावलीसा. मग मला वाटलं, कळलं तरी बाई जा म्हणायल्यात. आणि तुमची ती दशा बघवंना, बाई. गाव काय काय बोलत हुतं. माझ्या खोटेपणापायी तुमचं नाव गेलं हुतं. सुकन्याचं तसं झालं, ते येगळंच. रोज बटण दाबताना पोरीच्या फोटोकडं बघायची लाज वाटायची. म्हटलं, झालं एवढं पाप पुरे.”

इतकी वर्षं मी एक चूक उशाला घेऊन झोपले होते. ती चूक नव्हतीच. बाईने एकदा आपल्या मनासारखं करून घेतलं होतं, आणि मी रडून, अर्ज भरून, शब्द घोकून घेऊन ते मोडून काढलं होतं. आणि वर पेढे खाल्ले होते.

“तिकडे... बरं आहे ना तुम्हाला?” मी कसंबसं विचारलं.

“बरं हाय की. पोरगं, सून, कुणी शब्दानं दुखवत न्हाई. अनयाशिवाय मला करमत न्हाई, आणि तिला माझ्याशिवाय. पीठ पिशवीतलं असतंय, तेवढंच. जेवणाची वेळ मोबाईलवर बघतो, दिवस कधी मावळतो ते त्यात येतंय.” मग त्यांनी मूळ मुद्द्यावर यावं तसं म्हटलं, “ते जाऊ दे. तुम्ही शिकवलं हुतंसा, माघारी जायचं असतंय तवा स्टे. बरोबर का? मग नात बरोबर का मी?”

व्याकरणाने नात बरोबर होती. पक्के कागद झालेल्या, नातीला तान्हेपणापासून वाढवलेल्या, गिरणी विकून झालेल्या बाईला स्टे म्हणता येत नाही. पहिलीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी लाल शाईने खोडलं असतं.

“तुम्ही बरोबर, आक्काताई,” मी म्हणाले.

“बघ, मी सांगत हुतो!” त्या तिकडे कुणाला तरी म्हणाल्या. मग मला, “थांबा, फोन तिच्याकडंच देतो. माझ्यावर इस्वास न्हाई तिचा. तुम्ही सांगा.”

खुडबुड झाली आणि एक किनरा आवाज आला, “हॅलो?” बटणांवरच्या फोटोतल्या त्या बाळाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी तिला इंग्रजीत सांगितलं, तुझी आजी बरोबर आहे. तिचा शब्द स्टे हाच.

पोरगी हुशार. तिने जरा विचार केला.

“ओके,” ती म्हणाली. “देन व्हेन इज शी गोइंग होम?”

तिने होमच म्हटलं होतं. मागून आक्काताई विचारत होत्या, “काय म्हणाल्या बाई? काय म्हणाल्या?” मी खिडकीतून समोर बघत होते. मोबाईलच्या दुकानाचं शटर नुकतंच कुणीतरी वर ढकलत होतं.